रसवंतीवाल्याच्या पोरीला उन्हाळी लागली

दार

नववीत असताना मी वर्गाचं दार लाथेने उघडलं होतं. कडी निखळली, दार भिंतीवर आपटलं आणि फिरून माझ्याच खांद्यावर आलं. खांदा सुजला होता, पण ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या क्षणी मला एकच गोष्ट कळत होती. मला लघवीला जायचं होतं.

गणिताचा तास होता. आधीच्या तासाला मी जाऊन आले होते, मधल्या सुट्टीतही जाऊन आले होते. मॅडम म्हणाल्या, "वैष्णवी, आता नाही. तुला लघवी लागत नाही, तास बुडवायचा रोग लागलाय." वर्ग हसला. मी खाली बसले, पायावर पाय दाबले, ओठ दातांत धरला. फळ्यावरचं काही दिसेना. मग उठले आणि लाथ घातली.

जिन्यापर्यंतच पोचले. पुढचं सांगायला नको.

दप्तर घ्यायला ओल्या सलवारीने परत वर्गात आले तेव्हा पहिल्या बाकावरची रिद्धी म्हणाली, "मावशींना सांगा रे कुणीतरी, जिन्यात फरशी पुसायचीय." माझ्या हातात स्टीलची पाण्याची बाटली होती. मी ती फिरवून तिच्या तोंडावर मारली. भुवई फुटली. रक्त बघून मला बरं वाटलं. असलं लिहू नये म्हणतात, पण आजारपणाबद्दल लिहायचं आणि रागाबद्दल गप्प बसायचं हे मला जमणार नाही. माझा आजार आणि माझा राग एकाच खोलीत राहायला होते.

तू चौदा-पंधरा वर्षांची असशील, सारखी लघवीला जात असशील आणि कुणाला सांगता येत नसेल, तर हे तुझ्यासाठी आहे. मुलगा असशील तरी तुझ्यासाठीच. मी आता कॉलेजात आहे, धडधाकट आहे आणि अजूनही तापट आहे.

घरात नसलेला शब्द

आमची रसवंती आहे. नाशिकला पंचवटीत, गोदावरीकडे, म्हणजे आमच्या गंगेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. लाकडी चरक होता तो आजोबांच्या वेळी, आता मोटारीवर चालतो, पण पप्पांनी घुंगरं तशीच ठेवलीयेत. घुंगरं वाजली की यात्रेकरू वळतात. पप्पा चरकावर, आत्या गल्ल्यावर, आई लिंबं-आलं आणि ग्लास धुणं, मी शाळा सुटल्यावर टेबलं पुसायला. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असते. तिचं तोंड चरकापेक्षा जास्त चालतं.

आमच्या घरात 'लघवी' हा शब्द नव्हता. 'जाऊन येते' एवढंच म्हणायचं. रसवंतीवर सोय नाही, त्यामुळे खालच्या बाजूच्या सार्वजनिक शौचालयात जावं लागायचं. त्या फेब्रुवारीपासून माझ्या तिकडच्या फेऱ्या वाढल्या. टेबल पुसता पुसता फडकं टाकून पळायचे. आत्या गल्ल्यावरून बघत राहायची.

शाळेतून फोन आला त्या संध्याकाळी पप्पा आधीच पेटलेले होते. मॅडमनी त्यांना मी मोडलेलं दार दाखवलं होतं, रिद्धीच्या आईने नको ते ऐकवलं होतं. त्यात आत्याने तेल ओतलं.

"संजू, पोरगी सारखी त्या खालच्या अंगाला पळती. तिथं एवढं काय हाय? कुणीतरी उभं राहत असंल. वय कसलं हाय बघ तिचं."

पप्पांनी मला मारलं. एक कानाखाली, मग दुसरी. चरकात ऊस रेटणारा हात आहे तो. मी पडले ती कपाटाला डोकं आपटून. आई मध्ये आली तिलाही धक्का लागला. मी उठले, हाताला लागला तो पाण्याचा तांब्या पप्पांच्या अंगावर फेकला आणि एवढ्या जोरात ओरडले की गल्लीतले लोक दारात आले.

"मला लघवी लागते! लघवी! सारखी लागते! रात्री चार-चारदा उठते मी, तुम्ही घोरत असता! लघवी लागते मला!"

घरात पहिल्यांदाच तो शब्द आला होता, आणि तोही गल्लीने ऐकला. पप्पांचा हात वरच राहिला. आईने पदर तोंडाला लावला.

मग पप्पा एकदम खाली बसले आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायला लागले. "उन्हाळी लागलीय हिला. उन्हात राबवतो मी पोरीला, आणि वर येड्यावानी मारलं. उन्हाळी लागलीय माझ्या पोरीला."

आमच्याकडे उन्हाळी लागली म्हणजे अंगात उष्णता झाली. आणि उष्णतेवर नाशिकमधल्या कुठल्याही माणसाला विचारा, एकच औषध सांगेल.

औषध

ते औषध आमच्या घरचं होतं. मला मारल्याचं सगळं दुःख पप्पांनी रसात घातलं. सकाळी दुकान उघडलं की पहिला ऊस माझा. चांगला जाड, गाठी कमी असलेला निवडायचे, सोलायचे, बर्फ घालायचे नाहीत, लिंबू जास्त पिळायचे. मोठा ग्लास. शाळेतून आले की दुसरा. संध्याकाळी तिसरा, आणि त्यावर आत्याच्या हातचं खडीसाखर घातलेलं धन्या-जिऱ्याचं पाणी. आत्यालाही वाईट वाटलं होतं ना.

मला तहान इतकी असायची की मी घटाघट प्यायचे. पिताना स्वर्ग. पप्पा समोर उभं राहून बघायचे, विचारायचे, "बरं वाटतंय ना?" मी मान डोलवायचे. मारल्यावर बापाने एवढं जवळ घ्यावं, हे मला हवंच होतं. खोटं कशाला बोलू.

आणि लघवी वाढतच गेली.

आई मला एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी विचारपूस केली, इन्फेक्शन असेल म्हणाले, गोळ्या दिल्या आणि लघवी-रक्त तपासून घ्यायला सांगितलं. तपासणी आम्ही केली नाही. आत्या म्हणाली, "उन्हाळीला कसली आलीय तपासणी? उद्या शिंकेची करतील." आईला ते पटलं, कारण ते सोपं होतं.

मोरीत मुंग्या यायला लागल्या. काळ्या, रांगच्या रांग. दुसऱ्या कुठल्या घरात कुणीतरी थांबून विचार केला असता. रसवंतीवाल्याच्या घरात मुंग्यांचं काय नवल? पप्पांचे कपडे, आईचे हात, दाराचा उंबरा, सगळीकडे मुंग्याच. आईने खडूची रेघ ओढली आणि विसरून गेली.

मी एक मूर्खपणा केला, तो तू करू नकोस. मला वाटलं, पाणीच प्यायलं नाही तर लघवी येणार कुठून? परीक्षा जवळ आली होती, पेपर चालू असताना उठायला नको म्हणून मी सकाळपासून तोंडाला पाणी लावायचं नाही असं ठरवलं. जीभ टाळूला चिकटायची. लघवी तरीही यायची. डोकं भणभणायचं, पोटात मुरडा यायचा, इतिहासाच्या पेपराला मी प्रश्नपत्रिकेवरच ओकले.

बारीक झाले होते. चुलत बहिणी म्हणायच्या, काय मस्त फिगर झालीय गं, काय करतेस? आत्या म्हणायची, "पोरगी पार चिपाड झाली." चिपाड म्हणजे चरकातून निघालेला ऊस. रस काढून घेतलेला. आत्या बोलते तेव्हा नव्वद टक्के फालतू बोलते, पण त्या वेळी नेमकं बोलली.

दवाखाना

परीक्षा संपायच्या आधीच एका सकाळी मला उठता येईना. श्वास धापा टाकल्यासारखा चालला होता आणि तोंडाला सडक्या फळाचा वास येत होता. आईने पप्पांना हाक मारली ती हाक मी अजून विसरले नाही. पप्पांनी मला खांद्यावर टाकलं, रिक्षात घातलं, आणि रिक्षावाल्याला द्वारका चौकापर्यंत सारखे शिव्या देत राहिले, तो बिचारा सिग्नल तोडत होता तरी.

दवाखान्यात बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडाच आला नाही. साखर एका मर्यादेपलीकडे गेली की ते मशीन हात टेकतं. मग पळापळ, सुया, नळ्या.

मी तिथे काय काय केलं ते मला नंतर सांगण्यात आलं. सलाइनची सुई उपटली. वॉर्डबॉयच्या पोटात गुडघा मारला. "पाणी द्या रे, हरामखोरांनो" असं ओरडले, पप्पांसमोर. एका सिस्टरच्या हातातला ट्रे उडवला. त्या सिस्टर जाड भिंगांच्या चष्म्याच्या, मध्यमवयीन. त्यांनी माझं मनगट गादीवर दाबून धरलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मारायचंय ना? डाव्या हाताने मार. उजव्यात सुई आहे." मी खरंच डाव्या हाताने मारलं. त्यांनी मारून घेतलं. मग त्यांनी ओला कापूस माझ्या ओठांवर फिरवला. थेंबभर पाणी. त्या दवाखान्यातली मला आठवणारी पहिली दया ती.

डॉक्टर मॅडमनी आईपप्पांना माझ्या पलंगापाशीच विचारलं, "किती दिवस त्रास आहे?"

पप्पा म्हणाले, "तिला ते... सारखं जावं लागतं." तेव्हाही शब्द तोंडातून निघाला नाही.

"खायला-प्यायला काय देत होता?"

पप्पांची मान जरा वर झाली. "उसाचा रस, मॅडम. एकदम ताजा. माझ्या हाताने काढून. दिवसातून तीनदा."

मी डोळे मिटून पडले होते, पण कान उघडे होते. मॅडम म्हणाल्या, की हिला टाइप वन डायबिटीस आहे. शरीरात इन्सुलिन बनायचं थांबलंय. साखर रक्तात साचत जाते, शरीर ती लघवीतून बाहेर फेकतं, सोबत पाणी जातं, म्हणून तहान, म्हणून परत पाणी, म्हणून परत लघवी. "हे तुमच्या रसामुळे झालेलं नाही. रस दिला नसता तरी हे होणार होतं. आग रसाने लागली नाही. आगीत तेल पडलं, एवढंच."

पप्पांनी त्यातलं फक्त तेल ऐकलं.

कोयता

हे मी पाहिलेलं नाही. आईने सांगितलं, खूप महिन्यांनी.

पप्पा दवाखान्यातून निघून थेट दुकानावर गेले. भर दुपार, गिऱ्हाईक बसलेलं. त्यांनी ऊस सोलायचा कोयता उचलला आणि भिंतीला उभ्या केलेल्या मोळ्यांवर चालवायला सुरुवात केली. गिऱ्हाईकं पळाली. मोळ्या तोडून झाल्या तसे ग्लास. मग बर्फाची पेटी. मग चरकावर घाव घातले. लोखंडावर कोयता काय करणार, धार गेली, पण ते थांबेनात. आत्या "संजू, अरे संजू" करत जवळ गेली तेव्हा तिच्याकडे वळून म्हणाले, "पोरीला मारत होतो मी. आधी हाताने, मग ग्लासानं."

आईने दुसऱ्या दिवशी काचा भरल्या. पप्पा म्हणाले, दुकान बंद. आई म्हणाली, "मग खायचं काय? आणि तिची इन्सुलिनं काय झाडाला लागतात?" दोघांचं इतकं कडाक्याचं भांडण झालं की आईने पहिल्यांदा पप्पांवर हात उगारला. शेवटी आईच चरकावर उभी राहिली. पप्पा मित्राची रिक्षा चालवायला लागले. दुकानाच्या रस्त्याने भाडं आलं तर नाकारायचे. उसाला परत हात लावणार नाही, म्हणाले.

मला त्यांचा राग यायला हवा होता. नव्हता आला असं नाही. रात्र रात्र जागून मी मनात त्यांच्याशी भांडले. पण त्यांनी मला रस दिला याचा राग नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघणं बंद केलं, याचा होता.

सुया, शाळा आणि इतर कटकटी

घरी आल्यावर दिवसातून चार वेळा पोटात इन्सुलिन. पहिल्यांदा स्वतः टोचलं तेव्हा आरशाकडे बघून शिव्या दिल्या, मग टोचलं. ही पद्धत चांगली आहे.

येवल्याची मावशी आली आणि म्हणाली, सुया बंद करा, ओळखीच्या एका बाबांची पुडी आहे, गुण येतो. मी तिची पुडी संडासात टाकून पाणी ओतलं. मावशी रडत रडत परत गेली. आईने मला त्याबद्दल मारलं नाही, रागावलीही नाही. गरम पोळी वाढली.

लग्न कोण करणार, हा विषय आत्याने काढला. मला तिचा खून करावासा वाटला. तोच विषय तिने पुन्हा काढला तेव्हा आईने चिमटा तापवून दाखवला. तिसऱ्यांदा निघाला नाही.

साखर ताब्यात आली तशी लघवी आपोआप कमी झाली. इतकी साधी गोष्ट. ज्या गोष्टीसाठी मी दारं फोडली, ती काही आठवड्यांत माणसात आली. रात्री सलग झोपले त्या सकाळी मी आईला हलवून उठवलं आणि सांगितलं, "मी उठलेच नाही!" आई आधी घाबरली, मग कळल्यावर रडली.

शाळेत गणिताच्या मॅडम सॉरी म्हणाल्या नाहीत. पण मला दाराजवळचा बाक दिला आणि त्यांच्या तासाला दार उघडं ठेवायला लागल्या. दाराला कडी नवीन होती. रिद्धीची भुवई अजून दुभंगलेली आहे. ती आणि मी बोलत नाही. सगळं गोड व्हायलाच पाहिजे असं नाही, माझ्या बाबतीत तर नाहीच.

ओपीडीत बाहेर बसून मी बरंच ऐकलं. सारखी लघवी लागते म्हणजे सगळ्यांना माझाच आजार असतो असं नाही. एका मुलीला शाळेतलं घाणेरडं शौचालय नको म्हणून दिवसभर दाबून धरायची सवय होती, तिला इन्फेक्शनवर इन्फेक्शन. एका मुलाला नुसती परीक्षेची धास्ती. कुणाला खडा. बाहेरून सगळ्यांचं सारखंच दिसतं, आणि बाहेरचे लोक सगळ्यांना तास बुडवणारेच म्हणतात. म्हणून लघवी आणि रक्त तपासायचं, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच तपासायचं. पाणी कमी करायचं नाही. आणि शब्द उच्चारायचा. ओरडून म्हणालीस तरी चालेल.

एक गोष्ट दवाखान्यातून सुटताना चष्मेवाल्या सिस्टरनी आम्हाला बसवून शिकवली होती. साखर जास्त होते तशी कमीही होते. इन्सुलिन घेतलं आणि जेवण नाही झालं तर घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस चिडतो, वेड्यासारखं करतो. "तेव्हा लगेच गोड. साखर, ग्लुकोज, फळांचा रस, जे हाताशी असेल ते." रस म्हटल्यावर पप्पांनी जमिनीकडे बघितलं होतं.

देवी

दहावीची परीक्षा झाली आणि मैत्रिणी ब्रह्मगिरीला चालल्या होत्या. मी पप्पांना विचारलं. दुपारची जेवायची वेळ होती, मी इन्सुलिन टोचलं होतं, ताट समोर होतं.

पप्पा ताटाकडे बघत म्हणाले, "नाय. डोंगरावर काय झालं तर?"

"काय होईल? मरेन? मग मरते!"

"वैशू, तोंड आवर."

"माझ्याकडे बघून बोला ना! वर्ष झालं, माझ्याकडे बघून एक शब्द बोलला नाहीत तुम्ही!"

त्यांनी बघितलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताट भिंतीवर फेकलं आणि तरातरा दुकानाकडे निघाले, आईला सांगायला. सॅक घरी, ग्लुकोजचा डबा सॅकमध्ये. पोटात इन्सुलिन, आणि अन्नाचा कण नाही.

आई दुकानात नव्हती, लिंबं आणायला भाजी बाजारात गेली होती. गल्ल्यावर आत्या. चैत्राचे दिवस, वणीच्या गडावरून देवीचं दर्शन घेऊन जीपभर माणसं आली होती, कपाळभर कुंकू लावलेली. इथून पुढचं बरंचसं आत्याने सांगितलेलं आहे, म्हणजे त्यात तिखटमीठ धरूनच चाला.

मी घामाने निथळत आले. केस सुटलेले. थरथरत होते. एका टेबलाशी उभी राहिले आणि हाताने सगळे ग्लास झाडून खाली पाडले. आत्या ओरडली. मी धुतलेल्या ग्लासांची जाळीच उचलून आपटली. घुमायला लागले, म्हणे. डोळे पांढरे.

आणि त्या जीपमधली एक बाई उठली, तिने माझ्यापुढे लोटांगण घातलं. "आली गं माय! गडावरची आली!"

बाकीचे उठले. कुणी हात जोडले, कुणी खिशातली हळद-कुंकवाची पुडी काढून माझ्या कपाळाला फासली. मी त्या माणसाला लाथ मारली, तर तो म्हणाला, देवीचा पाय लागला. एक म्हातारा विचारायला लागला, "माय, माझ्या पोराला नोकरी कधी लागंल?" आत्यानेही हात जोडले. माझी सख्खी आत्या! ती सांगते, "मला वाटलं, आपल्या घरात एवढं दुःख झालं, आता देवीआईच आली."

माझी साखर खाली खाली चालली होती आणि लोक मला प्रश्न विचारत होते.

तेवढ्यात पप्पांची रिक्षा आली. त्यांच्या हातात डबा होता, पोळी-भाजीचा. मी न जेवता गेले म्हणून तो घेऊन माझ्यामागे निघाले होते. त्यांनी एका नजरेत ओळखलं. माझा बाप चौथी नापास आहे, पण सिस्टरचा एक शब्द विसरला नव्हता. पोळी काय कामाची? गिऱ्हाइकांचे ग्लास मीच फोडलेले. आत्याला "साखर, साखर" ओरडले, ती हात जोडून उभी. रसवंतीत साखर कुठून असणार?

त्यांनी चरकाचं बटण दाबलं. ज्या उसाला वर्षभर हात लावला नव्हता तो न सोलताच चरकात रेटला. घुंगरं वाजायला लागली, त्याने लोकांना आणखीनच चेव आला. आईचा लिंबू पिळायचा वाडगा त्यांनी धारेखाली धरला आणि माझ्याकडे आले. एका माणसाने त्यांचा दंड धरला.

"हात लावू नका! देवी कोपंल!"

पप्पांनी त्याच्या छातीत गुद्दा घातला. तो टेबलासकट उलटा झाला.

"देवी नाय ती! पोरगी हाय माझी!"

इथून पुढचं मला आठवतं, तुकड्या-तुकड्यांनी. कुणीतरी माझी मान बगलेत धरली आहे. जबड्यात बोटं घुसताहेत. मी त्या हाताला कडकडून चावले. अंगठ्याच्या मुळाशी, दात मांसात जाईपर्यंत. हात मागे गेला नाही. कानाशी आवाज होता.

"चाव. पाहिजे तेवढं चाव. पण गीळ, माझे बाय. गीळ."

गोड आणि खारट एकदम. मी गिळलं. परत गिळलं. मग डोळ्यांपुढचं पांढरं हळूहळू गेलं आणि मला पहिल्यांदा काय दिसलं तर पप्पांचे डोळे. अगदी जवळ. माझ्याकडे बघत होते.

त्यानंतर

पप्पांच्या हाताला टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. डॉक्टर मॅडमनी मला शिव्या घातल्या, घालायलाच हव्या होत्या. पप्पांनी विचारलं, "मॅडम, मी रस दिला. ते चाललं ना?"

"चाललं काय? त्यानेच वाचली ती. फक्त एक लक्षात ठेवा, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, उचलून थेट इकडे आणायचं."

पप्पा ओपीडीतल्या बाकावर बसले आणि सगळ्यांसमोर हमसाहमशी रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आमच्या घरात असं कुणी करत नाही, मला कसं करायचं तेही माहीत नव्हतं, म्हणून थोपटल्यासारखं केलं.

दुसऱ्या सकाळी ते चरकावर होते, हाताला पट्टी बांधून. आईला म्हणाले, "तू सरक. तुला गाठी काढता येत नाय." आईने जागा दिली, आणि आत जाऊन लिंबाच्या पाटीपाशी बसून हसली. ब्रह्मगिरीला मी पुढच्या रविवारी गेले, दोन्ही खिशांत ग्लुकोज भरून.

यंदा चैत्रात ती लोटांगण घालणारी बाई परत आली. नारळ, खण, ओटीचं सगळं सामान घेऊन. नोकरीचं विचारणारा तो म्हातारा तिचा नवरा, आणि त्यांच्या मुलाला म्हणे नोकरी लागली होती. तिने सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली आणि दबक्या आवाजात पप्पांना विचारलं, "भाऊ, मागं इथं माय आली व्हती. ती पोरगी कुठंय?"

दुकान भरलेलं होतं. मी खालच्या रस्त्याने वर येत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. पप्पांनी चरकात ऊस रेटला, घुंगरांच्या वर आवाज जावा म्हणून जोरात म्हणाले:

"ती लघवीला गेलीय. बसा, येईल."